बाराव्या दिवशीचं 'ग्रेड १ फॅटी लिव्हर': यकृतदात्याच्या घरच्यांना एक सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे. वेंगुर्ल्याजवळच्या एका ताईंच्या यजमानांनी (वय ३६, वजन ६८ किलो) मे महिन्याच्या शेवटी आपल्या थोरल्या भावाला यकृताचा उजवा भाग दिला. ऑपरेशन मुंबईत झालं, नवव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. बाराव्या दिवशी पोट गच्च वाटतं म्हणून गावाजवळ सोनोग्राफी केली, तर रिपोर्टात आलं 'ग्रेड १ फॅटी लिव्हर', म्हणजे यकृतात थोडी चरबी. तेव्हापासून सासूबाईंनी खोबरं, तेल, मासे, अंडी सगळं बंद केलंय. तीन वेळा पेज आणि सकाळी भुईआवळीचा रस. दोन आठवड्यांत वजन चार किलोंनी उतरलं. ताईंचे प्रश्न तीन. उरलेलं यकृत बिघडलं का? चरबी आधीपासूनच होती आणि मुंबईच्या डॉक्टरांच्या नजरेतून सुटली का? आणि यांना खायला घालायचं काय?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्याचंही 'नाही'च, तुम्ही पाठवलेल्या फाइलवरून ते बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. तिसऱ्याबद्दल मात्र बरंच बोलायचंय, कारण काळजी करण्यासारखं जे काही आहे ते रिपोर्टात नसून ताटात आहे.

आधी यकृत वाढतं म्हणजे काय होतं ते पाहू. पुष्कळ जणांना वाटतं की पालीच्या शेपटीसारखा कापलेला उजवा भाग पुन्हा फुटतो. तसं होत नाही. उजवा भाग गेला तो गेलाच. मागे राहिलेला डावा भाग फुगतो, त्यातल्या पेशी आधी आकाराने मोठ्या होतात, मग एक-दोनदा विभागतात, आणि एकूण वजन पूर्वीच्या जवळ जातं. आकार मात्र कायमचा वेगळा राहतो. तुमच्या यजमानांचं ३८ टक्के यकृत मागे ठेवलंय असं फाइलमध्ये आहे. दात्याच्या अंगात निदान ३० ते ३५ टक्के राहायलाच हवं असा दंडक आहे, त्याच्या वरच आहात. ही वाढ सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या एक-दोन आठवड्यांत. तीन महिन्यांपर्यंत बहुतेक काम उरकलेलं असतं.

म्हणजे बाराव्या दिवशी तुम्ही सोनोग्राफीला नेलंत ते यकृत भर बांधकामात होतं.

या बांधकामाचा अभ्यास मुख्यतः उंदरांवर झालाय. हिगिन्स आणि अँडरसन या दोघांनी १९३१ साली घुशीएवढ्या पांढऱ्या उंदरांचं दोन-तृतीयांश यकृत काढायची पद्धत बसवून दिली. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही तीच वापरतात. त्या उंदराचं यकृत आठ-दहा दिवसांत पूर्वीच्या वजनाला येतं. शिकत असताना मी स्वतः ही ऑपरेशनं केली आहेत. पहिल्यांदा दुसऱ्या दिवशी पोट उघडलं तेव्हा दचकलो होतो. निरोगी यकृत पावसात भिजलेल्या जांभ्या दगडाच्या रंगाचं असतं, कडा पातळ, धारदार. इथे समोर होता फिकट, मातकट पिवळा गोळा. वाटलं, आपल्या हातून शीर बांधताना काहीतरी चुकलं, हा मेला. शेजारी काम करणारा सहकारी हसला आणि म्हणाला, परवा बघ. परवा रंग परत यायला लागला होता.

तो पिवळेपणा म्हणजे चरबी. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला नेहमीच्या पद्धतीने यकृताचा काप तयार केला तर ती दिसतही नाही, कारण त्या प्रक्रियेतलं अल्कोहोल आणि झायलीन चरबी विरघळवून टाकतात आणि पेशीत नुसती रिकामी भोकं उरतात. काप गोठवून घेतला आणि ऑइल रेड ओ नावाचा रंग लावला की पेशीपेशीत लाल ठिपके उमटतात, बारीक मोहरीसारखे, शेकड्यांनी. ऑपरेशननंतर बारा तासांच्या आसपास ते दिसू लागतात, एक-दोन दिवसांत भरगच्च होतात आणि तिसऱ्या दिवसापासून ओसरतात. पेशी विभागायला लागतात त्याच्या आगेमागेच हे सगळं चालतं.

ही चरबी येते कुठून? खाण्यातून फारशी नाही. यकृताचा मोठा भाग गेला की साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, झपाट्याने संपतो आणि रक्तातली साखर खाली येते. शरीर त्याला उपासासारखं उत्तर देतं. इन्सुलिन उतरतं, आणीबाणीची संप्रेरकं चढतात, आणि पोटाच्या, मांडीच्या चरबीतून फॅटी अॅसिड सुटून रक्तात येतात. ती जातात यकृताकडे. यकृत ती तात्पुरती थेंबांच्या रूपात साठवतं, काही जाळून ऊर्जा काढतं आणि काहींपासून नव्या पेशींची आवरणं बनवतं. एका पेशीच्या दोन पेशी करायच्या तर आवरणही दुप्पट लागणार, आणि ते स्निग्ध पदार्थाचंच असतं.

आपल्याकडे आगोटीला काय करतो तेच समजा. मे महिन्यात तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, आमसुलं, लाकूडफाटा असं सगळं आणून घर भरतो. त्या वेळी कोणी परका माणूस माजघरात डोकावला तर त्याला वाटेल, यांना साठेबाजीचा रोग झालाय. चार महिने पाऊस कोसळणार आहे हे त्याला ठाऊक नसतं. गणपतीपर्यंत पोती निम्मी झालेली असतात. दिवाळीतही तीच पोती तशीच, त्यात उंदीर आणि बुरशी, तर मात्र त्या घरात काहीतरी बिघडलंय.

साठा महत्त्वाचा की त्याची उलाढाल, यावर संशोधकांत बराच वाद झाला. २००६ साली कॅव्हिओलिन-१ हे प्रथिन नसलेल्या उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं. त्यांच्या यकृतात असे थेंब नीट जमत नव्हते, यकृत वाढतही नव्हतं आणि उंदीर मरत होते. त्यांना ग्लुकोज दिलं तेव्हा ते तगले. यावरून निष्कर्ष निघाला की चरबीचा साठा हवाच. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने वेगवेगळ्या जनुकांत बदल केलेले उंदीर घेतले. त्यातल्या काहींच्या यकृतात चरबी कमी जमली, तरी वाढ नेहमीसारखी झाली. माझं मत विचाराल तर थेंब किती दिसले यापेक्षा ते जळतात का, वापरले जातात का, हे पाहायला हवं. ऑपरेशननंतर उंदरांना ग्लुकोज भरपूर चढवलं तर अंगातली चरबी सुटत नाही आणि पेशींची विभागणी मंदावते, हेही जुन्या प्रयोगांत दिसलंय. (यावरून 'सलाईनमधलं ग्लुकोज वाईट' असं घरी कोणी काढू नये. माणसाची साखर खाली गेली तर मेंदूला धोका असतो, म्हणून आयसीयूत ती सारखी तपासत मोजूनमापून ग्लुकोज देतात.)

माणसात हे तासातासाने पाहता येत नाही. भावाला यकृत देऊन आलेल्या माणसाला सुई टोचून दुसऱ्या दिवशी तुकडा काढावा, असं कोणीही शहाणा डॉक्टर करणार नाही. पण साखर उतरणं, चरबी सुटणं, उपासाची संप्रेरकं चढणं हे सगळं माणसातही होतं. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत यकृतात थोडी चरबी दिसली तर माझ्यासारखे लोक भुवया उंचावत नाहीत.

आता तुमच्या रिपोर्टाकडे येतो. इथे एक व्यवहाराची गोष्ट आहे जी फार थोडे जण सांगतात. सोनोग्राफीत यकृतात चरबी आहे हे ओळखतात कसं? यकृत किती 'उजळ' दिसतंय हे पाहून. उजळ कशाच्या तुलनेत? शेजारच्या उजव्या मूत्रपिंडाच्या. निरोगी माणसात दोन्ही एकाच चौकटीत शेजारी-शेजारी दिसतात. यकृत किंचित जास्त पांढरं दिसलं की ग्रेड १, आतल्या शिरांच्या भिंती धूसर झाल्या की ग्रेड २, यकृतामागचा श्वासपटलाचा पडदाही दिसेनासा झाला की ग्रेड ३. तुमच्या यजमानांच्या उजव्या मूत्रपिंडाशेजारी यकृत उरलेलंच नाही! तिथे आता आतडं सरकलंय, त्यात वायू आहे, थोडं पाणी असेल. तुलना करायला जोडीदारच नाही. वर वाढत्या पेशी पाण्याने फुगलेल्या, ऑपरेशनची सूज. अशा वेळी 'ग्रेड १' हा शब्द जवळजवळ सवयीने टाईप होतो. मी त्या सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना दोष देत नाही. चिठ्ठीवर 'पोटदुखी' एवढंच लिहिलेलं दिसतंय, उजवं यकृत काढलंय हे लिहिलेलं नाही. फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा आणि चरबी मोजणारी तपासणी, तिलाही हीच अडचण आहे, ती उजव्या बरगड्यांच्या फटीतून करतात.

त्या रिपोर्टात मला ज्या गोष्टी हव्या होत्या त्या सगळ्या चांगल्या आहेत. पित्तनलिका फुगलेली नाही, पोर्टल व्हेनमध्ये (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत) रक्त नीट वाहतंय, पू-पित्त साठल्यासारखं काही नाही. सोबतच्या रक्ततपासणीत बिलिरुबिन (काविळीचा आकडा) १.१ आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) १.१. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी बिलिरुबिन साधारण ३ च्या वर आणि आयएनआर १.७ च्या वर असं दोन्ही राहिलं तर आमची झोप उडते. तुमचे आकडे पाहून मी चहा घेतला.

दुसरा प्रश्न, आधीची चरबी सुटली का? दात्याच्या यकृतात आधीपासून चरबी असणं ही अगदी वेगळी आणि गंभीर बाब आहे. तिथे पेशीत एकच मोठा थेंब बसलेला असतो, पेशीचं केंद्रक एका कडेला ढकललेलं असतं, बारीक रक्तवाहिन्या चेपलेल्या असतात. असं यकृत रक्तपुरवठा थोडा वेळ थांबला तरी जास्त दुखावतं आणि वाढतंही हळू. ऑपरेशन टेबलावर ते ओळखू येतं. पिवळट, कडा गोल झालेल्या, बोट टेकवलं तर खळगा राहतो. अशी मोठ्या थेंबांची चरबी ३० टक्क्यांच्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी दाता नाकारतात. म्हणून आधीच सीटी स्कॅनमध्ये यकृताची घनता मोजून त्यातून प्लीहेची (पोटात डावीकडे असलेल्या पाणथरीची) घनता वजा करतात. त्या आकड्याला एलएआय म्हणतात. तो पाचाच्या वर असला तर काळजी करण्याजोगी चरबी नाही असं धरतात. तुमच्या फाइलच्या चौथ्या पानावर खाली बारीक अक्षरात एलएआय ९ लिहिलंय. बघा, सापडेल. मुंबईवाल्यांच्या नजरेतून काही सुटलेलं नाही.

आता खाण्याचं.

तुमच्या सासूबाईंचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंय, 'अर्धां काळीज कापून दिलां, आता तेल-खोबरां कित्याक?' (काळीज म्हणजे इथे यकृत, कित्याक म्हणजे कशाला.) त्यांच्या जागी मी असतो तर मलाही असंच वाटलं असतं. पण ही चूक एकदा माझ्याच शब्दामुळे झाली आहे, म्हणून सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी डिस्चार्ज कार्डावर 'हलका आहार' एवढंच लिहायचो. राजापूरकडच्या एका घरात त्याचा अर्थ पेज, वरचं पाणी आणि भाजलेला पापड असा घेतला गेला. माणूस महिन्याने आला तेव्हा पायांवर सूज, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) खाली, टाक्यांची एक कड उसवलेली. घरच्यांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं, मी लिहिलेलं पाळलं होतं. त्या दिवसापासून मी कार्डावर पदार्थांची नावं लिहितो.

नुसत्या पेजेने यकृतातली चरबी कमी होत नाही, उलट वाढू शकते. कसं ते पाहा. यकृतातली चरबी बाहेर पाठवायची तर तिला प्रथिनाच्या वेष्टनात बांधावं लागतं. प्रथिन मिळालं नाही तर वेष्टन तयार होत नाही आणि चरबी आतच अडकते. प्रथिनांअभावी सुजलेल्या कुपोषित मुलांची पोटं मोठी दिसतात, त्यात चरबीने फुगलेल्या यकृताचाही वाटा असतो. अंड्याच्या बलकातलं कोलीनही याच वेष्टनाच्या कामाचं आहे, आणि तुमच्या घरी नेमकी अंडीच बंद केली आहेत.

या काळात दिवसाला दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन लागतं. तुमच्या यजमानांना ८० ते १०० ग्रॅम. मूठभर तांदळाच्या पेजेत तीन-चार ग्रॅम असतं. तीन वेळा घ्या, पंधराही भरत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम. मध्यम बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात वीसच्या आसपास. १०० ग्रॅम कुळथांत बावीसच्या आसपास. जून-जुलैत मासेमारी बंद असते, ताजा बांगडा कुठून आणणार हे मला कळतं. बर्फातला मिळाला तर आणा, खाडीचे मासे मिळाले तर उत्तम. नाहीतर दोन अंडी सकाळी, कुळथाची पिठी दाट करून दुपारी, दही, मूग, चवळी, थोडं चिकन. पेज बंद करू नका, ती पचायला सोपी आहे आणि माणसाला तिने बरं वाटतं, फक्त तिच्यासोबत काहीतरी असू द्या. सुकी मासळी सध्या बाजूला ठेवा, मिठामुळे सूज येते. खोबऱ्याचं म्हणाल तर चार माणसांच्या आमटीला अर्ध्या नारळाचं वाटण पूर्वीसारखं घाला. रवा लावून तळलेली सुरमई रोज नको, तव्यावर थोड्या तेलात परतलेली चालेल. एकदम पोटभर बसवू नका, पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. पोट गच्च वाटतं ते बहुतेक यामुळेच, वाढतं यकृत जठराला खेटलेलं असतं.

भुईआवळीचा रस आजपासून बंद. भुईआवळी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण रानातून आणलेल्या पाल्यात आणखी काय आलंय हे कोणी तपासत नाही, आणि अशा रसातलं सगळं निस्तरायचं काम पुन्हा त्याच यकृतावर पडतं. घरगुती म्हणून निर्धोक मानलेल्या गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, त्यात तुमचंच बोलणं वाढेल. माझं नाव सांगा, हवं तर फोनवर घ्या त्यांना.

दारू वर्षभर तरी अजिबात नको. खरं तर कायमचीच नको.

डोळे पिवळे होणं, ताप, जखमेतून पिवळं-हिरवं पाणी, पोट दिवसागणिक वाढणं, पोटरी दुखून सुजणं किंवा अचानक धाप लागणं, दिवसा झोप आणि रात्री बडबड, यातलं काहीही झालं तर मला मेसेज करत बसू नका. प्रत्यारोपण केंद्राच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन करा आणि तोवर जवळच्या मोठ्या रुग्णालयाकडे निघा.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होईल. चिठ्ठीवर 'उजवं यकृत दान केलं आहे' हे ठळक लिहून घ्या, शक्यतो त्याच केंद्रात करा. तेव्हा वजन पूर्ववत होऊनही चरबी दिसली, तर ती मात्र मी गंभीरपणे घेईन. तिथे नियम उलटे होतील. वजन कमी करणं, गोड पेयं आणि भाताचा डोंगर आवरणं, रोज चालणं. एक गोष्ट फाइलवरून लक्षात आली. मोठ्या भावोजींचं यकृत निकामी झालं ते चरबीमुळेच. सख्ख्या भावांत ही प्रवृत्ती असू शकते. पीएनपीएलए३ नावाच्या जनुकातला एक बदल यात हातभार लावतो, हे २००८ पासून ठाऊक आहे. आज त्याची तपासणी करायची गरज नाही, पण पुढे पोट सुटू न देणं यांना इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचं.

भावोजींसाठी एकच सांगून ठेवतो, कारण घर एक आणि चूल एक. कालवं किंवा तिसऱ्या (शिंपल्या) अर्धवट शिजवलेल्या त्यांच्या ताटात येता कामा नयेत. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना समुद्रातले काही जंतू जीवावर बेततात. पूर्ण उकळून शिजवा, नाहीतर नको.

लावणीला यंदा यजमानांनी चिखलात उतरायचं नाही. एक तर तीन महिने जड उचलणं-ओढणं बंद, टाके आतून सुटून हर्निया होतो. दुसरं म्हणजे लेप्टो. शेतातल्या पाण्यातून येणारा हा ताप यकृतालाही धरू शकतो, आणि कोकणात पावसाळ्यात तो किती होतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

शेवटी तुम्ही विचारलंय की दरवर्षी गणपती शाळेतून (मूर्ती घडवतात त्या जागेहून) यजमानच डोक्यावरून आणतात, यंदा आणले तर चालेल का. चतुर्थीपर्यंत तीन महिने जेमतेम भरत असतील. पायवाट निसरडी आणि मूर्ती शाडूची, म्हणजे जड. यंदा पाट पुतण्याच्या डोक्यावर द्या. यांनी छत्री धरून पुढे चालावं, टाळ वाजवले तरी हरकत नाही.